खांदेरी आणि मुंबईकर इंग्रज

थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी किल्ल्यावरचा एक लेख वाचला; तो चांगला आहे. मात्र १६७९ मधील बांधकामाचे कारण लेखकाने 'जंजिऱ्याच्या सिद्दीला शह' एवढ्यावरच आटोपले आहे, ते अपुरे वाटते. हे बेट मुंबई बंदराच्या तोंडाशी आहे आणि पावसाळ्यात सिद्दीचे आरमार इंग्रजांच्या मुंबईतच आश्रयाला असे, त्यामुळे येथे तट उभा राहू लागताच सिद्दीइतकेच इंग्रजही अस्वस्थ झाले. मराठ्यांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी यांनी काम सुरू केल्यावर इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली खरी. पण वारा पडला की त्यांच्या मोठ्या जहाजांना हलता येत नसे आणि मराठ्यांची वल्ह्यांची गलबते उथळ पाण्यातून रातोरात रसद पोहोचवून परतत. १८ ऑक्टोबरच्या लढाईत मराठ्यांचा आरमारप्रमुख दौलतखान याच्या ताफ्याने इंग्रजांची 'डव्ह' ही गुराब (शिडाची लढाऊ नौका) पकडली, हे लेखात यायलाच हवे होते (त्याच दिवशी इंग्रजांच्या 'रिव्हेंज' या जहाजाने मराठी आरमाराला मागे रेटले, हेही लपवू नये). जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावले, तर इंग्रजांनी तह करून अंग काढून घेतले. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ मध्ये, मुंबईचा इंग्रज गव्हर्नर बून याने केलेला हल्लाही फसला.

किल्ला पाहायला जाणाऱ्यांनी १८६७ चे दीपगृह आणि ठोकल्यास भांड्यासारखी वाजणारी शिळा एवढ्यावर न थांबता तटाखालचे, कालवांची धारदार कवचे चिकटलेले सुटे दगडही पाहावेत. तेथे होडी लावू पाहणाऱ्या शत्रूची काय गत होत असेल, ते लगेच कळते.