हत्यार हातात घेऊन बघू द्या

"पाकीट फोडलंय तुम्ही, आता परत घेता येणार नाही." गेल्या आठवड्यात एका मोठ्या दुकानाच्या काउंटरवर हे ऐकलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. अहो, पाकीट फोडल्याशिवाय स्क्रू पान्याचा जबडा ढिला आहे की नाही हे कळणार कसं?

खंडेनवमीच्या आधी एक नवा स्क्रू पाना आणि पटाश्या आणल्या होत्या. कडक पारदर्शक प्लास्टिक, चारही कडा वितळवून बंद केलेल्या. कापताना त्या कडेनेच अंगठ्याला चांगली चीर पडली. (नंतर शहाणपण आलं: मागच्या पुठ्ठ्याच्या बाजूने कापायचं, आणि कात्री कायम हातापासून लांबच्या दिशेने.) पाना बाहेर आला तर जबड्याच्या पाठीवर बोटाच्या पेराएवढी पांढरी पट्टी. ओढून काढली, खाली डिंकाचा थर तसाच.

ही पट्टी चोरी पकडण्यासाठी असते. आत धातूच्या अगदी पातळ पट्ट्या असतात. दाराजवळच्या खांबांतून 58 किलोहर्ट्‌झच्या लहरी निघतात, त्यांच्याबरोबर या पट्ट्या थरथरतात आणि ती थरथर खांबाला कळते. बिल करताना आतल्या चुंबकी पट्टीचं चुंबकत्व घालवतात, मग खांब ओरडत नाही. दुकानदाराने चोरी थांबवावीच. पाना खिशात सहज मावतो आणि नुकसान त्याला सोसावं लागतं. पण बिल झाल्यावर पट्टीचं काम संपलं, डिंक मात्र माझ्या पोलादावर राहिला. पान्याच्या दांड्याला टांगायचं भोक असतंच. पट्टी त्यातून प्लास्टिकच्या टायने बांधा ना! पटाशीच्या लाकडी मुठीवर लेबल चिकटवणं तर त्याहून वाईट. डिंक लाकडाच्या रेषांत शिरतो आणि घासून काढावा लागतो.

डिंक काढायचा तर आधी हेअर ड्रायरने पोलाद कोमट करा आणि पट्टी हळूहळू सोलून काढा. मग खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवा आणि जुन्या सुती फडक्याने पुसा. तरी राहिलाच तर टर्पेंटाइन. प्लास्टिकच्या मुठीला थिनर लावू नका, मूठ पांढुरकी पडते, कधी चिरतेही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डिंकाबरोबर कारखान्यात लावलेलं गंजरोधक तेलही निघून जातं. लगेच मशीन ऑइलचा हात फिरवला नाही तर पावसाळ्यात चार दिवसांत तांबूस ठिपके दिसतात.

माझे वडील फिटर होते. हत्यार घ्यायला ते मला मुंबईत नागदेवी स्ट्रीटला घेऊन जायचे. दुकानदार तेलकट कागदातली पक्कड समोर ठेवायचा. वडील ती चार-पाच वेळा उघडमीट करायचे, मग जबडे मिटून उजेडासमोर धरायचे. मधून उजेड सारखा दिसला तर ठीक, एकाच टोकाला फट दिसली तर बाजूला. स्क्रू पान्याचा आटा अंगठ्याने फिरवून सरकता जबडा हलवून बघायचे. पटाशीची पाठ सपाट आहे का, ते काउंटरच्या काचेवर ठेवून. पाच पकडींतून एक निवडायचे आणि दुकानदाराला त्याचा राग यायचा नाही. ती पक्कड आजही माझ्याकडे आहे आणि दर खंडेनवमीला तिला हळद-कुंकू लागतं.

बंद पाकिटात यातलं काहीच तपासता येत नाही. छापील किंमत, महिना, उत्पादकाचं नाव कायद्याने छापायलाच हवं, पण ते बांधलेल्या पुठ्ठ्यावरही मावतं. निदान प्रत्येक हत्याराचा एक नग उघडा टांगून ठेवा, साखळीला बांधून ठेवलात तरी चालेल.

आणि "परत घेता येणार नाही" हे ऐकून गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. पाकीट फोडलं म्हणून वस्तूतला दोष नाहीसा होत नाही. म्हणून हत्यार तपासून होईपर्यंत बिल आणि किंमतीचा पुठ्ठा फेकू नका.

मी बिल घेऊन दुसऱ्या दिवशी परत गेलो. व्यवस्थापकांसमोर पाना धरला, ढिला जबडा हलवून दाखवला आणि कायद्याचं सांगितलं. त्यांनी बदलून दिला. दुसरा पाना मी तिथेच, काउंटरवर, त्यांच्याच कात्रीने उघडून घेतला. आटा फिरवला, जबडा हलवून बघितला, आणि मगच पिशवीत टाकला.