मुंग्यांची रांग आधी तोडा

लेखात तुळस-पुदिन्यावरच्या माव्यासाठी (रस शोषणारी बारीक कीड) थेट कडुनिंबाच्या तेलाची फवारणी सुचवली आहे. उपाय चांगलाच, पण ही पानं आपण कच्ची खातो, काढ्यात घालतो. म्हणून आधी साध्या पाण्याची जोरदार धार मारा, तीही पानांच्या खालच्या बाजूने. मावा तिथेच चिकटून बसतो. खोडावर मुंग्या चढताना दिसल्या तर त्यांचाही बंदोबस्त करा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या येतात आणि माव्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. तेल वापरायचंच तर लिटरभर पाण्यात ५ मिली आणि द्रवसाबणाचे थोडे थेंब, नाहीतर तेल नुसतं वर तरंगतं. फवारणी संध्याकाळीच. आणि कृपया, नारिंगी ठिपक्यांच्या काळ्या, काटेरी अळ्या चिरडू नका! त्या ढालकिड्याच्या (लेडीबगच्या) असतात, मावाच फस्त करतात.