देशी घालायचा की इम्पोर्टेड?

आमच्या चुलत-आते-मामे भावंडांच्या ग्रुपवर तीन आठवडे एकच वाद चालू आहे आणि मी तो ग्रुप म्यूट केलेला नाही, ही माझी चूक. निमित्त दादाच्या अँजिओप्लास्टीचं. दादा आता घरी आहे, रोज सकाळी आमराईत दोन चकरा मारतो, वहिनीनं लोणच्याची बरणी वरच्या फळीवर नेऊन ठेवली आहे. पेशंट बरा झाला, वाद काही बरा होत नाही. दादाच्या हृदयात जो स्टेंट बसवला तो देशी असायला हवा होता की इम्पोर्टेड, हा तो वाद.

इचलकरंजीचा आतेभाऊ म्हणतो, "आपल्याकडं संशोधन कुठं होतंय? सगळी नक्कल. साडी देशी घ्या, स्टेंट बाहेरचाच घ्या." पुण्याचा मामेभाऊ, बँकेतून रिटायर झाल्यापासून ज्याला सगळ्या विषयांत गती आली आहे, तो म्हणतो की परदेशी कंपन्यांनी आपल्याला वर्षानुवर्षं लुटलं आणि देशी स्टेंट केव्हाही सरस. का सरस, तर देशी म्हणून. आणि दोघंही शेवटी माझ्याकडे वळतात. "काय रे, तू तिकडं याच धंद्यात आहेस ना? सांग की."

आहे. मी आयर्लंडमधल्या गॉलवेत राहतो, एका तपासणी प्रयोगशाळेत धातू बघतो. कंपन्या आमच्याकडे नमुने पाठवतात, आम्ही ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो आणि चिरा शोधतो. स्टेंट म्हणजे जाळीची एक बारीक नळी. ती फुग्यावर दाबून बसवतात, रक्तवाहिनीत नेऊन फुगवतात. या दाबण्या-फुगवण्यात जाळीवरच्या औषधाच्या लेपाला तडा जातो का, लेपाचा पापुद्रा निघतो का, हे आम्ही पाहतो. दुसऱ्या खोलीत यंत्रं नमुन्यांना ठोके देत असतात. दहा वर्षांत हृदय साधारण चाळीस कोटी वेळा धडधडतं, म्हणून जाळीलाही चाळीस कोटी ठोके खावे लागतात. यंत्र ते काही महिन्यांत उरकतं. नमुन्याच्या पिशवीवर एक क्रमांक असतो, देश नसतो. देश माहीत नसताना चिरा बघायची सवय लागली की ग्रुपवरचा वाद सहन होत नाही. (सहन होत नाही तर वाचतोस का, असं बायको विचारते.)

आधी किमतीचं बोलू, कारण मामेभावाचं तेवढं एक बरोबर आहे. 2017 च्या फेब्रुवारीपर्यंत भारतात औषधी लेपाचा स्टेंट लाख-सव्वा लाखाला पेशंटच्या गळ्यात पडायचा. मग सरकारनं कमाल किंमत ठरवली: लेपाच्या स्टेंटला 29,600 रुपये, साध्या धातूच्या स्टेंटला 7,260. देशी असो वा परदेशी, मर्यादा एकच. पुढे ती थोडीफार खाली-वर होत गेली. तेव्हा आतेभावाच्या पक्षानं मोठा गळा काढला होता, की आता नवं तंत्रज्ञान भारतात येणार नाही. पुरावा काय, तर एका बड्या अमेरिकी कंपनीनं विरघळणारा स्टेंट भारतातून काढून घ्यायची परवानगी मागितली. अ‍ॅबसॉर्ब त्याचं नाव. धातूऐवजी पॉलिलॅक्टाइड नावाच्या प्लास्टिकचा, दोन-तीन वर्षांत शरीरात विरून जाणारा. कल्पना देखणी होती. पण त्या जाळीच्या काड्या दीडशे मायक्रॉनच्या, म्हणजे चांगल्या धातूच्या स्टेंटच्या जवळजवळ दुप्पट जाड. एवढी जाड काडी रक्ताच्या वाटेत आली की प्रवाह अडखळतो, गुठळी धरते. चाचण्यांमध्ये तेच दिसलं. त्याच 2017 च्या सप्टेंबरात कंपनीनं तो साऱ्या जगातून बंद केला. भारत ज्याला मुकणार म्हणून एप्रिलमध्ये हळहळ चालली होती, त्याला सप्टेंबरात अख्खं जग मुकलं. यावर आतेभावाचं उत्तर अजून आलेलं नाही. अंगठ्याचं चित्र आलं.

आता इथलं सांगतो. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यांना गेल्या रेस वीकमध्ये, म्हणजे घोड्यांच्या शर्यतींच्या आठवड्यात, स्टेंट बसला. मी धंद्यातला माणूस, विचारलं, कोणता बसवला? ते म्हणाले, "छोटा." बस. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं. मुलाला फोन नाही, भावंडांचा ग्रुप नाही. डॉक्टर ठरवतात, सरकारी मेडिकल कार्डावर उपचार फुकट, विषय संपला. ग्रुपवर मी हे मोठ्या थाटात लिहिलं: प्रगत समाजात पेशंटच्या नातेवाइकांना खाटेशेजारी उभं करून मेनूकार्ड दाखवत नाहीत. पुतण्यानं मला वेगळा मेसेज केला, "काका, ते आजोबा ट्रॉलीवर किती वेळ होते म्हणालात?" एकवीस तास, खाट मिळेपर्यंत. ते मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं. दादाला छातीत कळ आल्यापासून मिरजेत टेबलावर घ्यायला दीड तास लागला होता. तेही लिहिलं नाही. असो.

मला खरा राग येतो तो "आपल्याकडं संशोधन कुठं होतंय" या वाक्याचा. हे म्हणणाऱ्याला संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि निळा डोळा असं काहीतरी दिसत असावं. स्टेंटचीच गोष्ट घ्या. 1977 साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुन्टझिगनं पहिल्यांदा जाग्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला. हे फुगे तो घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवायचा. पण फुग्यानं उघडलेली वाहिनी बऱ्याच जणांत काही महिन्यांतच पुन्हा अरुंद व्हायची. म्हणून आत जाळी ठेवायची युक्ती आली, 1986 साली फ्रान्समध्ये तूलूझला ती पहिल्यांदा माणसात बसली. तरी दुखणं पुरतं गेलं नाही. जाळी बसवताना वाहिनीचं अस्तर खरवडलं जातं, रक्तकणिका जमतात, प्रतिकार करणाऱ्या पेशी धावून येतात, आणि त्यांच्या हाकेनं वाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी जाळीच्या आत वाढू लागतात. शरीर जखम भरून काढतं आणि भरता भरता वाटच बुजवतं.

यावर जे औषध लागू पडलं त्याचं नाव सिरोलिमस, आधीचं रॅपामायसिन. ते नाव रापा नुईवरून आलं; रापा नुई म्हणजे ईस्टर बेट. 1964 साली कॅनडाहून गेलेल्या मोहिमेनं तिथल्या मातीचे नमुने आणले आणि माँट्रियलच्या प्रयोगशाळेत त्या मातीतल्या एका जिवाणूतून हे द्रव्य निघालं. काढणाऱ्यांत एक सुरेंद्रनाथ सेहगल. फाळणीआधीच्या पंजाबात जन्मलेला माणूस, पीएच.डी. ब्रिस्टलची, नोकरी कॅनडात. आधी ते बुरशीवरचं औषध वाटलं. मग कळलं की ते प्रतिकारशक्ती दाबतं, तेव्हा कंपनीचा रस उडाला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माँट्रियलचं संशोधन केंद्र बंद झालं आणि माल फेकून द्यायचा ठरला. सेहगलांनी थोडा माल घरच्या फ्रीझरमध्ये ठेवला, वर "खाऊ नका" अशी चिठ्ठी लावून. न्यू जर्सीला बदली झाली तेव्हा तो कोरड्या बर्फात गुंडाळून बरोबर नेला. पुढे 1999 मध्ये तेच औषध मूत्रपिंड रोपणासाठी अमेरिकेत मंजूर झालं, आणि पेशींची वाढ थांबवण्याचा त्याचा गुण स्टेंटच्या लेपात कामाला आला. अमेरिकेत तसा स्टेंट 2003 मध्ये मंजूर झाला. सेहगल त्याच वर्षी, थोडे आधी, कर्करोगानं गेले.

आता सांगा, हा शोध देशी की इम्पोर्टेड? मी हे ग्रुपवर लिहिलं तर मामेभाऊ लगेच म्हणाला, "बघा, शेवटी डोकं आपलंच!" त्यावर आतेभाऊ, "पण इथं राहिला असता तर?" त्यानंतर तासभर मी कोणालाच उत्तर दिलं नाही. पुण्याच्या सीओईपी कॉलेजातून मेटलर्जी करून मी बाहेर पडलो तेव्हा माझ्या वडिलांना त्यांच्या मित्रांनी नेमकं हेच वाक्य ऐकवलं होतं, फक्त उलट्या बाजूनं: इथं राहून काय करणार आहे?

इथं राहून जे झालं ते थोडं सांगतो. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या माणसांनी हृदयाची झडप बनवायला घेतली. एक मॉडेल फसलं, दुसरं फसलं, तिसरंही. चौथं टिकलं आणि 1990 च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसात बसलं. त्यातली हलणारी चकती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनची, शिवायची कडा पॉलिस्टरची, आणि चौकट हेन्स-25 या मिश्रधातूची. कोबाल्ट, क्रोमियम, टंगस्टन, निकेल. हाच मिश्रधातू आमच्या धंद्यात एल-605 या नावानं ओळखला जातो आणि नावाजलेले कितीतरी परदेशी स्टेंट त्याचेच असतात. भट्टी एकच, आडनावं दोन. ती झडप आजवर लाखाहून अधिक लोकांत धडधडते आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना परदेशी झडप परवडली नसती.

स्टेंटचंही तसंच. सुरतेत बनणारा सुप्राफ्लेक्स युरोपातल्या सात देशांत, तेवीस रुग्णालयांत, 1,435 रुग्णांवर तपासला गेला. समोर तुलनेला त्या काळचा सगळ्यात भरवशाचा अमेरिकी कंपनीचा स्टेंट. कोणता मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं. वर्षअखेर हृदयविकाराच्या ठरवलेल्या तक्रारी सुरतेच्या गटात 4.9 टक्के, दुसऱ्या गटात 5.3. निकाल 2019 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. याला फार तर "तोडीस तोड" म्हणता येतं. मामेभावानं याचं "भारतानं अमेरिकेला हरवलं" केलं आणि पुढे तिरंगा लावला. त्याला सांगून थकलो की हा एका स्टेंटचा निकाल आहे. भारतात असे बनवणारे बरेच आहेत आणि सगळ्यांनी स्वतःला असं तासून घेतलेलं नाही. आणि परदेशी म्हणजे निर्दोष असंही नाही. पहिल्या पिढीचे गाजलेले लेपाचे स्टेंट बाहेरचेच होते. 2006 साली बार्सिलोनाच्या परिषदेत त्यांच्यावरून केवढी खळबळ उडाली होती, की वर्ष-दोन वर्षांनी त्यांत अचानक गुठळी होते म्हणून. औषध संपून जायचं, प्लास्टिकचा लेप तसाच राहायचा आणि तो काहींच्या वाहिनीला सुखानं भरू द्यायचा नाही.

परक्या वस्तूला शरीर कसं वागवतं यावरून परदेशात राहणाऱ्यांना एक उपमा सुचते. मी ती देणार नाही. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत एका डॉक्टरांनी ती वीस मिनिटं दिली होती आणि तोवर मोदक गार झाले.

मुद्दा एवढाच की पासपोर्ट विचारू नका, चाचणी विचारा. किती रुग्ण, किती वर्षं, कोणाच्या तुलनेत. हे मी ग्रुपवर तीन आठवड्यांत सात वेळा लिहिलं आहे, शेवटच्या दोन वेळा ठळक अक्षरांत.

एक गोष्ट मात्र लिहिलेली नाही.

त्या रात्री इथं दहा वाजले होते, पार्कमोरच्या ट्रॅफिकमधून उशिरा येऊन मी नुकता जेवायला बसलो होतो. तिकडं पहाटेचे साडेतीन. पुतण्याचा फोन आला. आवाज कापत होता. "काका, बाबांना आत घेतलंय. डॉक्टर विचारतायत, देशी का इम्पोर्टेड? दोन्ही चांगलेच आहेत म्हणतायत, किंमत पण सारखीच. तुम्ही सांगा, पटकन." जी कंपनी देशी होती तिचं नाव त्यानं सांगितलं. त्या स्टेंटचे आकडे मला पाठ होते. काडीची जाडी, लेप, सगळं. मला दोन सेकंदही लागले नाहीत.

"इम्पोर्टेड," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर भात कालवला आणि तसाच बसून राहिलो. चाचण्या आठवल्या त्या नंतर. आधी तोंडातून जे निघालं ते आतेभावाचं वाक्य होतं. वीस वर्षांपूर्वी आमच्या ओसरीवर जे बोललं जायचं, की चांगलं ते बाहेर असतं, आणि ज्यावर मी पुढचं सगळं आयुष्य बांधलं, ते. ते खोटं निघालं असतं तर मी इथं काय करतोय, हा प्रश्न त्या रात्री मला परवडण्यासारखा नव्हता. पुतण्याही त्याच ग्रुपवर आहे. माझे सातही मेसेज त्यानं वाचले आहेत, दोन निळ्या खुणा दिसतात. त्यानं एक अक्षर लिहिलेलं नाही.

परवा दादानं मला स्टेंटच्या कार्डाचा फोटो पाठवला. पाकिटात ठेवायचं असतं ते. त्यावर चिकटवलेल्या पट्टीत व्यास, लांबी, लॉट नंबर, आणि खाली बारीक अक्षरांत मेड इन आयर्लंड. दादानं चष्मा लावून शोधलं असणार. फोटोखाली त्यानं लिहिलं होतं, "तुझ्या गावचा निघाला की रे."

तो कारखाना इथून गाडीनं दोन-अडीच तासांवर आहे, दुसऱ्याच गावात. आणि माझं गाव सांगली आहे. यातलं काहीच मी दादाला कळवलं नाही. "गोळ्या चुकवू नकोस," असं लिहून पाठवलं.