मीटरवर शून्य म्हणजे हवा स्वच्छ नव्हे

‘पीआयडी मीटर शून्य दाखवत असेल तर शेडमधली हवा निर्धोक समजावी’ हे तुमच्या लेखातलं वाक्य कृपया बदला. पीआयडी म्हणजे दिव्याच्या अतिनील प्रकाशाने हवेतल्या रसायनांच्या वाफेचं आयनीभवन करून, म्हणजे रेणूतून इलेक्ट्रॉन काढून, ती मोजणारा मीटर. कुपवाड एमआयडीसीत आम्ही रंगकाम करतो. थिनरचा डबा उघडला की त्यातल्या टोल्युइन या द्रावकामुळे मीटर झटकन चढतो. पण जुना रंग सोलायचं केमिकल लावलं की डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं आणि मीटर जागचा हलत नाही! त्या केमिकलमध्ये डायक्लोरोमिथेन असतं. मीटरमधला नेहमीचा दिवा 10.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट इतक्या ऊर्जेचा, आणि या वाफेच्या आयनीभवनाला 11.3 लागतात. मग ती दिसणार कशी? मिथेनॉल, फॉर्माल्डिहाइडही असेच निसटतात. शिवाय आकडा चढला तरी तो सगळ्या वाफांचा एकत्र. त्यात बेंझिन किती, हे कळायला हवेचा नमुना घेऊन गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी, वाफा वेगवेगळ्या करून मोजणारी चाचणी करावी लागते.

कोळशाचा फिल्टर असलेल्या मास्कवरही भिस्त नको, डायक्लोरोमिथेन त्यातून लवकर पार होतं. ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे एक्झॉस्ट जमिनीलगत हवा. इथल्या कितीतरी शेडमध्ये तो छपराजवळ असतो आणि पोरं खाली बसून रंग खरवडत असतात. यावर लेखात एक ओळ तरी हवी होती.