सात वर्षांची होती हो ती

सकाळी एका मित्राने काल्पनिक इतिहासाचा नकाशा टाकला. स्कॉटलंडची छोटी राणी मार्गारेट (बाप नॉर्वेचा राजा) १२९० मध्ये वाचली असती तर, असा. स्कॉटलंड-इंग्लंड एकाच रंगात, वर नॉर्वेही जोडलेला. खाली ओळ : 'पोरगी मेली आणि सगळी मजा गेली.' तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

मजा? अरे, सात वर्षांची होती ती!

स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला राहत होतो तेव्हा आम्ही उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर गेलो होतो. स्क्रॅबस्टरहून स्ट्रॉमनेस, फेरीने जेमतेम दीड तास. लेक तेव्हा सातच वर्षांची. बोट डोलायला लागली आणि तिने माझ्या ओढणीतच उलटी केली. मग नुसतं पित्त. 'आई, उतरूया ना,' एवढंच म्हणत राहिली. मी तिच्या पाठीवरून हात तरी फिरवत होते.

मार्गारेटला आई नव्हतीच, १२८३ मध्येच गेली. आईचे वडील, स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर, १२८६ च्या मार्चमध्ये वादळी रात्री घोड्यावरून जाताना मेला. त्याची तिन्ही मुलं आधीच गेलेली. झालं, तीन वर्षांच्या नातीच्या नावावर राज्य. मोठ्यांनी तिचं लग्नही ठरवलं, सहा वर्षांच्या इंग्लिश राजपुत्राशी! त्याच्या बापाने, पहिल्या एडवर्डने, तिला आणायला जहाज पाठवलं. त्यात साखर, अंजीर, मनुका, अक्रोड, आल्याचा केक. ही यादी वाचली तेव्हा मला रडू फुटलं होतं. ते जहाज तिच्याविनाच परतलं. पुढे नॉर्वेतल्या बर्गेनहून ती निघाली ती नॉर्वेच्या जहाजातून, आणि सप्टेंबरमध्ये ऑर्कनीलाच तिने प्राण सोडला. ऑर्कनी तेव्हा नॉर्वेचंच. जिची राणी म्हणवली, त्या स्कॉटलंडला तिचा पाय लागलाच नाही.

हो, ती जगती तर गादीसाठी डझनभर दावेदार भांडले नसते, १२९६ ची एडवर्डची स्कॉटलंडवरची स्वारीही कदाचित टळली असती. मान्य. पण स्कॉटलंड वेगळं राज्य राहील हा, लग्न ठरवताना झालेल्या बर्घमच्या तहातला शब्द त्याने पाळला असता? मला नाही वाटत.

मित्रा, नकाशे काढ, तुझ्यावर राग नाही. (आहे, थोडा.) ती ओळ तेवढी काढून टाक आणि तिथे तिचं नाव लिही.

तिला परत बर्गेनला नेलं, आईशेजारी पुरलं.

आम्ही स्ट्रॉमनेसला उतरलो तर लेक धक्क्यावरच बसली. गार दगड, वर बोचरा वारा, तरी उठेना. बऱ्याच वेळाने म्हणाली, 'भूक लागली.' पर्समध्ये राजगिऱ्याची वडी होती, ती दिली. अर्धी खाल्ली, अर्धी मुठीत धरून माझ्या मांडीवर झोपली.