आम्ही लावलेले दिवे

वीज नसलेल्या घरात राहायला जायचे ठरले तेव्हा पाण्याची, छपराची आणि सापांची चर्चा आमच्याकडे महिनाभर चालली. उजेडाचा विषय मात्र कोणी काढला नाही, कारण कंदील आणला की झाले, असे मी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकले होते. त्यातील ‘की झाले’ हे दोन शब्द सौभाग्यवतींनी जपून ठेवले आणि पुढील चार महिन्यांत ते वेळोवेळी मला परत केले. दिवा निवडणे म्हणजे सोयरीक जुळवण्यासारखे आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. स्थळ दिसते कसे, हे सगळेच पाहतात. पण ते रोज पिते किती, भडकते कधी आणि त्याच्यामागे कोणी किती राबायचे, हे घरात आल्यावरच कळते.

आरंभ मी काटकसरीने केला. घरात रॉकेलचा वास नको, या अटीवर तोडगा म्हणून रॉकेलसाठी बनवलेल्या एका उंच, डौलदार दिव्यात मी खाण्याचे तेल ओतले. वात पेटली, दोन मिनिटे प्रामाणिकपणे जळली आणि मग तिचा कोळसा होऊन विझली. अर्धी काडेपेटी संपल्यावर ध्यानात आले की पातळ रॉकेल वातीतून वीतभर सहज चढते, पण दाट तेलाला बोटभर चढतानाही धाप लागते. पणतीत ज्योत तेलाला जवळजवळ टेकलेली असते ती म्हणूनच. ही अडचण जगाला माझ्याआधीही आलेली होती. कार्सेल नावाच्या फ्रेंच घड्याळजीने १८०० मध्ये तेल वातीपर्यंत चढवण्यासाठी दिव्याच्या बुडात चक्क चावीवर चालणारा पंप बसवला, म्हणजे दिव्यात तेल घालायचे आणि वर त्याला घड्याळासारखी चावीही द्यायची. विझलेल्या वातीसमोर बसून ही माहिती मी मोठ्या आदराने सांगितली, तेव्हा “आज माहितीचाच उजेड आहे, की दिवाही लावणार आहात?” असा प्रश्न अंधारातून आला.

मग रॉकेलला प्रवेश मिळाला आणि त्याच्याबरोबर गोल वातीचा एक पितळी दिवा आला. याचे घराणे मोठे. आर्गां या स्विस गृहस्थाने १७८० च्या सुमारास वातीला नळीचा आकार देऊन ज्योतीला बाहेरून आणि आतूनही हवा मिळेल अशी सोय केली. पुढे वर काच आली आणि एकच ज्योत कित्येक मेणबत्त्यांचे काम करू लागली. हे सगळे घरच्यांना ऐकवत मी ज्योत सुरेख मोठी केली आणि आम्ही आत जेवायला गेलो. बर्नर तापत जातो तशी ज्योत आपोआप वाढत जाते, त्यामुळे पेटवल्यावर वात खाली ठेवून दहा-पंधरा मिनिटे तिच्यापाशी बसावे लागते, हे कळण्यासाठी आम्हाला पूर्ण जेवण करावे लागले. परतलो तेव्हा खोलीत काजळीच्या जळमटांसारख्या लडी संथपणे तरंगत होत्या आणि पडद्यांचा मूळ रंग हा आठवणीचा विषय झाला होता. ज्योतीचा पिवळा उजेड देतात ते कार्बनचे तापलेले कणच. ते ज्योतीत जळून गेले तर दिवा आणि निसटले तर काजळी. ‘डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे’ हा वाक्प्रचार ज्याने रूढ केला त्याच्याकडे गोल वातीचा दिवा असला पाहिजे, असे माझे मत आहे. आमच्या डोळ्यांत काजळी गेली.

याच सुमारास माझ्या मावसभावाने गॅसबत्तीचे स्थळ आणले. पाचशे मेणबत्त्यांचा उजेड, असा तिच्या अंगावरच लेख होता आणि मी आकड्यांना भुलणारा माणूस आहे. तिला पेटवण्याचा विधी असा, की आधी टाकीत रॉकेल भरायचे, मग स्पिरिट जाळून वरची नळी तापवायची, मग पंप मारायचा, आणि हे सगळे नेमक्या क्षणी जुळले नाही तर बत्ती छताच्या दिशेने भडका मारते. पहिल्या भडक्यात माझ्या उजव्या भुवईने निवृत्ती घेतली.

तरीही बत्तीचा प्राण असतो तो मॅन्टल. वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि काही वर्षांनी ९९ टक्के थोरियम ऑक्साइड व १ टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण निश्चित केले. क्षारांत भिजवलेली ही कापडी पिशवी बांधायची आणि जाळायची. कापड जळून जाते, राखेची जाळी उरते आणि तीच तापून लख्ख चमकते. म्हणजे पाचशे मेणबत्त्यांचा हा सारा डोलारा चिमूटभर राखेवर उभा असतो. पहिला मॅन्टल नीट बसला आहे ना, हे मी बोटाने तपासल्यामुळे गेला. दुसरा बत्ती टेबलावर ठेवताना गेला. तिसरा एका पतंगाने नेला. पतंग दिव्यावर झेप घेऊन जळतो, एवढेच कवींनी सांगितले आहे; जाताना तो दिवाही बरोबर घेऊन जातो, हे त्यांनी सांगितलेले नाही. चौथा टिकला.

तो टिकला आणि खरा त्रास सुरू झाला. अशी बत्ती एक लिटर रॉकेल साधारण आठ तासांत संपवते आणि त्या जळण्यातून हजार-बाराशे वॅटच्या हीटरइतकी उष्णता खोलीत सोडते. तिच्या अखंड फुसफुसण्यामुळे मीठ मागण्यासाठीही ओरडावे लागे. खिडकी बंद ठेवण्याची सोय नव्हती, कारण कोंडलेल्या खोलीत जळणारा दिवा विषारी कार्बन मोनॉक्साइड साठवू शकतो. आणि खिडकी उघडी ठेवली की पंचक्रोशीतील किडे सहकुटुंब येत. उजेड मात्र खरोखर लख्ख होता. घरातील प्रत्येकाच्या चेहऱ्यावरची नाराजी मला बारकाव्यांसह दिसत असे.

मधल्या काळात कार्बाइडचाही एक दिवा येऊन गेला. त्यात पाणी ठिबकले की ॲसिटिलीन वायू तयार होतो, ज्योत पांढरी पडते आणि घराला लसणाचा वास येतो. तो तिसऱ्या दिवशी बाहेर गेला. मावसभावाने रॉकेलमध्ये थोडे पेट्रोल मिसळण्याचाही सल्ला दिला होता. तो मात्र मी साफ धुडकावला, कारण रॉकेलची वाफ पेट घेण्यासाठी ते निदान ३८ अंश सेल्सिअसपर्यंत तापावे लागते, तर पेट्रोलला शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही ठिणगी पुरते. एक भुवई अजून शिल्लक होती.

अखेर मी कागद घेऊन तो हिशेब मांडला, जो चार महिन्यांपूर्वीच मांडायला हवा होता. चपट्या वातीचा साधा कंदील आठ-दहा मेणबत्त्यांइतका उजेड देतो आणि साठ वॅटचा जुना बल्ब साठ-पासष्ट मेणबत्त्यांइतका, म्हणून कंदील बिचारा वाटतो. परंतु दिव्याचे अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो. पानावर पडणारा उजेड मोजतात तो लक्समध्ये; अडीच मीटर उंचीवरच्या त्या बल्बचा थेट उजेड खालच्या पुस्तकावर दहा लक्सच्या आसपास पडतो, तर दहा मेणबत्त्यांचा कंदील अर्ध्या मीटरवर ओढून घेतला तर चाळीस लक्स. आम्ही चार महिने खोली उजळण्याच्या मागे लागलो होतो आणि खोलीला काही वाचायचे नव्हते.

म्हणून कंदील आले. कंदिलाच्या दोन बाजूंच्या नळ्या तो धरायला सोयीच्या व्हाव्यात म्हणून असतात, असा माझा आजन्म समज होता. प्रत्यक्षात त्या वरून ज्योतीपर्यंत हवा पोचवतात. काही कंदिलांत जळून वर गेलेली गरम हवाच थोडीफार परत येते, काहींत फक्त ताजी हवा येते आणि या दुसऱ्या जातीची ज्योत अधिक उजळ असते. मी दुसऱ्या जातीचे तीन आणले, कारण दिवा जवळ हवा म्हटल्यावर तो प्रत्येकाच्या जवळ हवा, हे ओघानेच आले. वात सरळ कापून तिचे कोपरे किंचित गोलसर केले की ज्योतीला शिंगे फुटत नाहीत, हेही मी शिकलो. कित्येक दिवसांत मला कोणी ‘की झाले’ म्हटलेले नाही.

राहता राहिली काच. ती रोज सकाळी आतून पुसावी लागते आणि माझा हात तिच्यात शिरत नाही. एकदा शिरला होता, तेव्हा तो बाहेर काढण्यासाठी साबण लागला. सौभाग्यवतींचा बोटांच्या पेरांपर्यंतच जातो. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीचा मात्र थेट तळाशी पोचतो, आणि ही गोष्ट लक्षात आल्यापासून घरातील सत्तेचा तोल बिघडला आहे. तिन्ही काचा ती पुसते, मोबदल्यात दोन कंदील स्वतःजवळ ठेवते: एक वाचायला आणि दुसरा पहिल्याच्या टाकीची सावली घालवायला. तिसरा स्वयंपाकघरात असतो. त्यामुळे हा लेख मी भर दुपारी, खिडकीपाशी बसून लिहिला आहे.