‘टिनमॅन’ म्हणजे हृदयाचं बटण नव्हे

फळमाशीत ‘टिनमॅन’ नावाचं एकच जनुक हृदय घडवतं, तेच माणसातही आहे आणि ते बिघडलं की बाळाला हृदयच नसतं, असा मेसेज फिरतोय. गरोदर बायका तो वाचून घाबरतात, म्हणून हा खुलासा.

टिनमॅन नसेल तर माशीच्या भ्रूणात हृदय तयार होत नाही, हे १९९३ साली दिसलं. तेवढं खरं. पण त्याच भ्रूणांत आतड्याभोवतीचे स्नायूही बनत नाहीत, म्हणजे ते फक्त हृदयाचं जनुक नाही. शिवाय ते एकटं काही करत नाही. सुरुवातीला ‘ट्विस्ट’ हे जनुक त्याला भ्रूणाच्या मधल्या थरातल्या सगळ्याच पेशींत चालू करतं. मग वरच्या त्वचेच्या थरातून ‘डीपीपी’ प्रथिनाचा निरोप येतो आणि पाठीकडच्या पेशींतच टिनमॅन टिकून राहतं. तिथेही ‘विंगलेस’ या आणखी एका प्रथिनाचा संकेत नसेल तर हृदय होत नाही. हे सगळं जुळलं की पेशींच्या दोन रांगा पाठीच्या मधोमध येऊन चिकटतात आणि एक नळी बनते. माशीचं हृदय ते एवढंच.

माणसातलं त्याचं भावंड ‘एनकेएक्स२-५’. उंदराच्या भ्रूणातून ते पूर्ण काढलं तरी हृदयाची नळी बनते, फक्त पुढे नीट वळत नाही आणि भ्रूण दगावतो. माणसांत सहसा त्याच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली सापडते. त्यातून हृदयाच्या पडद्याला छिद्र किंवा ठोक्यांच्या वहनात अडथळा येऊ शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.